घसारा

कॅशच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाला मनुष्यस्वभावाचं जे दर्शन घडतं, ते हिमालयात बारा वर्षं बसूनही घडायचं नाही. हिमालयात कोणी नोटांची गड्डी भरायला येत नाही, एवढं एकच कारण त्याला पुरेसं आहे. वीस वर्षं मी पाहतो आहे, फाटकी नोट नेहमी गड्डीच्या मधोमध असते. ती कधी वर नसते, कधी खाली नसते. वारकरी असो, व्यापारी असो, निवृत्त मुख्याध्यापक असो, ती बिचारी मधेच असते, लग्नाच्या पंगतीत दोन धिप्पाड पाहुण्यांच्या मधे सापडलेल्या मुंजासारखी. या वीस वर्षांत फाटकी नोट वर ठेवून "साहेब, ही तेवढी जरा फाटकी आहे हं" असं आपणहून सांगणारा मला एकच मनुष्य भेटला, आणि त्याच्या गड्डीत दोन नोटा कमी निघाल्या.

नोटांच्या बाबतीत सरकारने मोठी दयाळू सोय केली आहे. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा निम्म्याहून मोठा तुकडा आणलात की पूर्ण पैसे. पन्नासच्या आणि त्यावरच्या नोटेचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग असला तर पूर्ण, चाळीस ते ऐंशी असला तर निम्मे, त्याखाली राम राम. पट्टी घेऊन मोजायचं, चौकशी करायची नाही. ही नोट कोणी मळवली, कोणी घामाच्या खिशात ठेवली, कोणाच्या पोराने चघळली, हे रिझर्व्ह बँक विचारत नाही. जुनी नोट यंत्रात जाते, तिचा भुगा होतो, भुग्याच्या विटा होतात. आणि आम्हा नाशिककरांना नव्या नोटेचं कौतुक ते काय सांगावं! नाशिक रोडला १९२८ सालापासून नोटा छापताहेत. गोदावरीच्या या काठाला पापं धुतात आणि तिकडे नोटा कोऱ्या करतात. एका गावाने एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

प्रश्न येतो तो नोट सोडून इतर वस्तूंच्या बाबतीत. त्या झिजतात, आणि त्यांना रिझर्व्ह बँक नाही.

माझ्या मोटारसायकलीचे मागचे शॉकअप गेले. 'गेले' हा गॅरेजमधला शब्द. प्रत्यक्षात ते कुठेही जात नाहीत. निवृत्त होऊनही रोज शाखेत येऊन बसणाऱ्या वडीलधाऱ्या सहकाऱ्यासारखे ते जागच्या जागी असतात, फक्त काम करत नाहीत. पेठ नाक्याजवळच्या आमच्या मिस्त्रीने गाडीची सीट दोन्ही हातांनी दाबली आणि सोडली. गाडी वर आली, खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली, आणि मग आपल्याला कोणी बघतं आहे हे लक्षात आल्यासारखी थांबली.

"बघा साहेब," मिस्त्री म्हणाला, "एकदा वर येऊन गप बसायला पाहिजे. ही नाचते."

"म्हणजे स्प्रिंग गेली?"

"स्प्रिंगला काय धाड भरली? स्प्रिंग शाबूत आहे. आतलं तेल गेलं. स्प्रिंगचं काम उसळायचं, तेलाचं काम तिला 'पुरे' म्हणायचं. तुमच्या गाडीत आता 'पुरे' म्हणणारं कोणी राहिलं नाही."

बी. कॉम.च्या तीन वर्षांत मला कोणी इतकं स्वच्छ शिकवलं नव्हतं. खड्ड्याचा दणका स्प्रिंग पोटात घेते. पण घेतलेलं परत देणं हा तिचा धर्म आहे. ती देते आणि देतच राहते. आत एका नळीत तेल असतं, ते बारीक भोकांतून इकडून तिकडे ढकललं जातं, त्यात त्या दणक्याचा जोर खर्ची पडतो, तेल गरम होतं आणि विषय मिटतो. सील झिजलं की तेल पाझरतं. मग दांडी तेलकट दिसू लागते आणि आपण समजतो, वा, वंगण चांगलं आहे.

मी दोन महिने ती दांडी कौतुकाने फडक्याने पुसत होतो.

आता याच सुमारास माझ्या मनात गाडी विकायचं आलं. हे दोन विचार एकाच सुमारास आले, यात योगायोगाचा भाग किती आणि माझा किती, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आमच्या शाखेतले शिपाई, त्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांच्या मुलाला अंबडला कारखान्यात नोकरी लागली होती. राहायला मखमलाबादला. रोज नाशिकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आणि यायचं. मामा म्हणाले, "साहेब, तुमची गाडी काढताय म्हणे?" मी म्हणालो, "काढतोय. अठरा हजारांना." मामा म्हणाले, "गाडी कशी आहे?" आणि मी म्हणालो, "मस्त आहे हो! मी वापरलेली."

'मी वापरलेली' हे शब्द मी का जोडले ते मला माहीत नाही. गाडीची जी दुर्दशा होती तिचं नेमकं कारण तेच होतं.

रात्री मला झोप लागेना म्हणून मी कायदा आठवून पाहिला. कॉमर्सच्या माणसाला सदसद्विवेकबुद्धीचा त्रास होऊ लागला की तो मर्कंटाइल लॉची वही काढतो. १९३० चा माल विक्रीचा कायदा, कलम सोळा : वस्तू चांगली आहे की नाही हे घेणाऱ्याने पाहून घ्यावं, काही अपवाद सोडून. अपवाद मी आठवले नाहीत. मग घसारा आठवला. वस्तू वापरली की झिजते, झीज दरसाल किमतीतून वजा करायची. एका पद्धतीत दरवर्षी सारखी रक्कम वजा होते आणि एक दिवस वस्तूची किंमत पुस्तकात शून्यावर येते. दुसऱ्या पद्धतीत उरलेल्या किमतीवर टक्केवारी काढतात. यात मौज अशी की किंमत घटत जाते, घटत जाते, पण शून्य कधी होतच नाही. ही पद्धत मला कॉलेजात असल्यापासून आवडते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने स्वतःचा हिशेब याच पद्धतीने ठेवावा. तर, मी म्हटलं, अठरा हजार ही किंमत काय आहे? घसारा वजा जाता उरलेलीच ना? मग शॉकअप त्यात आलेच. वेगळे कशाला सांगायचे?

हिशेब बिनचूक होता. त्यात खोट एवढीच होती की तो माझ्या वहीत होता आणि वही मामांनी पाहिलेली नव्हती.

व्यवहार मार्चमध्ये करू, असं ठरलं, कारण फेब्रुवारीत आम्ही लंकेला निघालो होतो.

लंकेला जाण्याचं कारण उदात्त वगैरे काही नव्हतं. श्रीलंकेने ऑक्टोबर २०२३ पासून काही महिने भारतीयांना व्हिसा फुकट केला होता. फुकट म्हटल्यावर बँकेच्या माणसाने रावणाच्या दारी जायलाही मागेपुढे पाहू नये. बँकेचा एलटीसी परदेशाला चालत नाही, तेव्हा खर्च पदरचा. पण आपल्या एका रुपयाला तेव्हा तिकडचे साडेतीनाच्या वर रुपये मिळत होते, हे कळल्यापासून मी घरात जरा छाती काढून चालत होतो. आईने मात्र बॅग भरताना पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "आपल्या पंचवटीतून लंकेला गेलेल्या बाईमाणसाचं काय झालं, ठाऊक आहे ना?"

हा मुद्दा बिनतोड होता. सीतागुंफा आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. सीतामाई इथून गेली आणि पुढचं रामायण घडलं, हे आमच्याकडे रिक्षावालासुद्धा सांगतो, मीटर न टाकता. पण हिने उलट बाजू मांडली. म्हणाली, "तिला न विचारता नेलं होतं. मी विचारून चालले आहे." मी पेठ रोडच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला, कोलंबोत त्यावर तिकडच्या ऑटोमोबाईल असोसिएशनचा शिक्का घेतला, आणि कँडीला पोचलो.

मोटारसायकल भाड्याने घ्यायची कल्पना माझी. कँडीहून नुवारा एलियाला जायचं, तिथून जवळच सीता एलिया म्हणून ठिकाण आहे, ओढ्याकाठी सीतेचं मंदिर आहे, खडकावर मारुतीची पावलं दाखवतात. पंचवटीच्या माणसाने तिथे टॅक्सीने जाणं मला प्रशस्त वाटेना. मारुती उड्डाण करून गेला, निदान आपण दुचाकीने तरी जावं.

गाडीवाला पन्नाशीचा, मिशाळ, हसतमुख गृहस्थ होता. मी गाडीकडे बोट दाखवून इंग्रजीत विचारलं, गाडी कशी आहे? तो म्हणाला, "होंदय, होंदय." मी म्हटलं, "नाही हो, ही होंडा नाही, ही दुसरी आहे." तो पुन्हा म्हणाला, "होंदय." बराच वेळ आम्ही एकमेकांच्या अज्ञानाची कीव केली. नंतर हॉटेलात कळलं की सिंहली भाषेत 'होंदय' म्हणजे छान, मस्त. म्हणजे मी मामांना जे सांगितलं होतं, तेच त्याने मला सांगितलं होतं. फक्त त्याने 'मी वापरलेली' हे जोडलं नव्हतं.

मात्र किल्ली देताना त्याने माझा हात धरून तीनदा सांगितलं, "स्लो, सर. स्लो. स्लो." मी समजलो, सज्जन आहे, परदेशी पाहुण्याची काळजी करतो.

पेराडेनियाच्या पुढे पहिला गतिरोधक लागला. गाडी वर गेली, खाली आली, वर गेली, खाली आली. ती चाल मी डोळे मिटून ओळखली असती. शेकडो कोस समुद्र ओलांडून आलो, आणि माझीच गाडी तिथे माझी वाट पाहत उभी होती!

गंपोळाला मी बाजूला थांबलो. मागच्या दांड्या पाहिल्या. तेलाने लखलखत होत्या. स्प्रिंगच्या बुडाशी एक खाचांची रिंग असते, ती पान्याने फिरवली की स्प्रिंग कडक होते. गाडीच्या डिकीत हत्यारांचं पाकीट होतं. त्यातल्या पान्याने मी रिंग दोन खाचा वर चढवली, आणि हात काळे करून मोठ्या आत्मविश्वासाने हिला म्हणालो, "आता बघ." तिने पाहिलं. आता गाडी खालपर्यंत आपटत नव्हती, पण उसळायची तेवढीच. माझ्या मिस्त्रीचं म्हणणं खरं होतं. 'पुरे' म्हणणारं जिथे कोणी नाही, तिथे उसळणाऱ्याला आणखी कडक करून काय होणार? आमच्या हेड ऑफिसला कोणीतरी हे कळवायला हवं.

मग मी सामान मागच्या कॅरियरवरून काढून पुढे टाकीवर बांधलं आणि निघालो. पाचेक मैलांवर हिने माझ्या पाठीवर थाप मारली.

"अहो, थांबा जरा."

"काय झालं?"

"तुम्हाला खड्डा लागत नाही का?"

"लागतो की."

"मग तुम्ही ओरडत कसे नाही?"

मी विचार केला. खड्डा मलाही लागत होता. पण मला तो आधी दिसत होता. दिसला की माझ्या नकळत मी पायांवर किंचित उठत होतो, दात आवळत होतो, पाठ सैल सोडत होतो. हिला काहीच दिसत नव्हतं. तिच्यासमोर माझी पाठ. ती बापडी चहाचे मळे बघत असायची आणि दणका यायचा. खड्डा एकच, गाडी एकच, शॉकअप दोघांना सारखेच गेलेले. पण माझ्याकडे अर्ध्या सेकंदाची आगाऊ बातमी होती आणि तिच्याकडे नव्हती, एवढ्याने माझं निभत होतं आणि तिचं मणक्यावर बेतत होतं.

"खड्डा दिसला की नुसतं 'हं' म्हणत जा," ती म्हणाली. "बाकी मी बघते."

तिथून पुढे मी 'हं' म्हणत चाललो. "हं." धाड्. "हं." धाड्. रस्ता खराब लागला की "हं-हं-हं." त्या डोंगरातल्या लोकांना वाटलं असेल, हा भारतातून कोणी मोठा साधक आलेला दिसतो, अखंड जप चालू आहे. आणि खरंच सांगतो, खड्डे तेवढेच राहिले, गाडी तशीच राहिली, पण हिची तक्रार निम्म्यावर आली.

रंबोडाच्या पुढे घाट सुरू होतो. कँडी समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरवर, नुवारा एलिया एकोणीसशेच्या आसपास. म्हणजे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरमध्ये चौदाशे मीटर चढायचे, वळणावर वळणं. आणि इथे मला कळलं की शॉकअप हा पाठीच्या सुखाचा विषय नाही. एका वळणावर कडेचं डांबर उखडलं होतं. समोरून बस आली, भोंगा वाजवत, आपल्या कसारा घाटातल्या ट्रकसारखी, वळण आपल्या तीर्थरूपांचं समजून. मी ब्रेक दाबला. ब्रेक चांगला होता. पण मागचं चाक उखडलेल्या रस्त्यावर उड्या मारत होतं, आणि जे चाक जमिनीवर नाही त्याला ब्रेक लावून काय उपयोग? हवेत फिरणारं चाक थांबलं काय, फिरलं काय! गाडी सरकली, गटाराच्या कडेपर्यंत गेली आणि चहाच्या झुडपांना टेकून उभी राहिली. बस निघून गेली. वरच्या मळ्यातून चहा खुडणाऱ्या दोन बाया कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत होत्या.

"या वेळी 'हं' म्हणाला नाहीत," ही म्हणाली. आवाज कापत होता.

मला बोलताच येईना. मला दिसत होता तो मामांचा मुलगा, पावसाळ्यात, द्वारकेच्या चौकात, ब्रेक दाबताना.

सीतेचं दर्शन घेतलं. देवळाच्या मागे ओढा वाहतो, त्यात पाय सोडून बसलो. नमस्कार करताना मी काय मागितलं ते सांगत नाही. हिने मात्र मोठ्याने सांगितलं की ती परत बसने येणार. दुसऱ्या दिवशी ती सामानासह बसने कँडीला गेली आणि मी एकटा, तीस किलोमीटरच्या वेगाने, 'हं' कोणाला म्हणावं न कळून, घाट उतरलो. ओझं कमी झाल्यावर गाडी पुष्कळ शहाण्यासारखी वागली. घरातल्या थकलेल्या माणसाच्या बाबतीतही आपण ही रिंग पिळण्याआधी ओझं उतरवून पाहत नाही, असं मला वाटेत वाटून गेलं. असले विचार उतारावरच सुचतात.

गाडी परत करताना खरी परीक्षा होती. वीस हजार लंकी रुपये अनामत होती. गाडीवाल्याने चारी बाजूंनी गाडी पाहिली, ओरखडे पाहिले, आरसा पाहिला, दिवा पाहिला. सीट काही दाबली नाही. मी मनात म्हटलं, शॉकअप खराब आहेत असं सांगावं, तर हा म्हणेल, तुम्हीच केले. अनेकांनी मिळून झिजवलेल्या वस्तूचा दोष नेहमी शेवटच्या माणसावर येतो. खुर्ची दहा वर्षं कुरकुरते आणि अकराव्या वर्षी जो बसतो त्याच्याखाली मोडते, मग घरातले सगळे त्याच्या पोटाकडे बघतात. कोणत्या खड्ड्याने शॉकअप गेले? माझ्या की त्या आधीच्या जर्मन माणसाच्या? एकेका खड्ड्याला विचारलं तर प्रत्येक खड्डा म्हणेल, माझ्या एकट्याने काय होतंय! मी गप्प बसलो.

तो नोटा मोजू लागला. "एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट..." सिंहली आकडे मला बसल्या जागी कळले. आपलीच भाषा, जरा प्रवासाने दमलेली. मोजून त्याने नोटा माझ्या हातात दिल्या, आणि वीस वर्षांच्या सवयीने माझा अंगठा मधोमध गेला. होती. अर्ध्यातून फाटलेली, मागून कागद चिकटवलेली. हजाराची.

मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नोटा खिशात घातल्या. त्याला मी त्याचेच झिजलेले शॉकअप परत दिले होते, त्याने मला झिजलेली नोट दिली होती. दोन्ही बाजू जुळल्या. असा नीट बसलेला ताळेबंद मी आमच्या शाखेत कधी पाहिलेला नाही.

तेवढ्यात एक तरुण जोडपं आलं. नवीन लग्न झालेलं दिसत होतं, कारण ते एकमेकांचं ऐकत होते. त्यांना नुवारा एलियाला जायचं होतं. गाडीवाल्याने त्यांना तीच गाडी दाखवली. "होंदय," तो म्हणाला.

आम्ही कोपऱ्यापर्यंत आलो. ही थांबली.

"सांगितलंत?"

"त्याला माहीत असणारच. त्याची गाडी आहे."

"त्याला नव्हे. त्या मुलीला."

मी मागे फिरलो. पण माझा वेग बँकेच्या माणसाचा. मी पोचेपर्यंत ती दोघं निघाली होती. फाटकाबाहेरच्या गतिरोधकावर गाडी वर गेली, खाली आली, वर गेली, खाली आली, आणि मागे बसलेली ती मुलगी हसली. तिला ती गंमत वाटली. मी हात वर केला, तिनेही मला हात केला, आणि ती वळणाआड गेली.

मग मी गाडीवाल्यालाच विचारलं. तो रागावला नाही. त्याने मला स्टुलावर बसवलं, चहा दिला, आणि मोडक्या इंग्रजीत हिशेब सांगितला. मार्च २०२० मध्ये सरकारने वाहनांची आयात बंद केली, ती अजून बंदच होती. २०२२ साली देशाने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. दोनशेला मिळणारा डॉलर साडेतीनशेच्या वर गेला. पेट्रोल रेशनवर, तेही मोबाईलवरचा चौकोन दाखवून. सुटे भाग परवडेनासे झाले, नवी गाडी येईना, जुनी विकली तर परत मिळेना. सहा गाड्यांपैकी चार चालत होत्या. पहिले शॉकअप बदलायला पैसे यावेत म्हणून तो त्याच शॉकअपवर गाडी भाड्याने देत होता. "आय टेल एव्हरीबडी, सर. स्लो," तो म्हणाला.

मला एकदम त्याचं ते तीनदा म्हटलेलं 'स्लो' आठवलं. तो त्याचा 'हं' होता. जेवढा त्याला परवडत होता तेवढा. मला कळला नाही, कारण मी त्याला सौजन्य समजलो. मी त्याच्यावर चिडू शकलो नाही, आणि त्याला माफही करू शकलो नाही, कारण मला सारखी फाटकापाशी हसलेली ती मुलगी दिसत होती. आणि त्याला माफ न करण्याचा अधिकार मला तरी कुठे होता? माझ्याकडे तर आयातबंदीही नव्हती. पेठ नाक्यावर हवे तितके शॉकअप मिळतात.

ती फाटकी नोट मी त्याला परत दिली नाही. माझ्या टेबलाच्या काचेखाली ती आहे. आमचे हेडकॅशियर विचारतात, "ही कुठली?" मी सांगतो, "रामायणातली."

नाशिकला आल्यावर आठ दिवसांनी मी मामांना बाजूला घेतलं.

"मामा, गाडीबद्दल एक सांगायचं राहिलं होतं. मागचे शॉकअप गेलेत."

मामा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उतरला.

"साहेब, गाडी द्यायची नाही का? तसं सांगा. मेव्हण्याला देताय का?"

"अहो, द्यायची आहे."

"मग भाव वाढवायचाय?"

"नाही हो मामा! खरंच खराब आहेत."

"असं कोण सांगतं का साहेब, आपल्याच गाडीबद्दल?"

मनुष्य खरं बोलू लागला की त्याचा उद्देश काय असावा, हे शोधायला ऐकणाऱ्याला किती कष्ट पडतात! शेवटी मी म्हणालो, "मुलाला मिस्त्रीकडे पाठवा, त्याने दाबून बघू दे. आधी का नाही बघितली?" त्यावर मामा जे म्हणाले ते मला त्या बसच्या भोंग्यापेक्षा मोठं लागलं. म्हणाले, "तुमची गाडी म्हटल्यावर बघायचं काय?"

नवे शॉकअप मी माझ्या पैशाने टाकले. किती पडले ते हिला सांगितलेलं नाही, त्यामुळे इथेही लिहीत नाही. ती माझे लेख वाचते. मामांनी निम्मे पैसे द्यायचा हट्ट धरला. मी नाही म्हणालो, तर दुसऱ्या दिवशी घरी पाच किलो द्राक्षं आली. पंचवटीत द्राक्षं परत करता येत नाहीत, सगळ्यांच्या घरी आधीच असतात.

गाडी ताब्यात देण्याच्या दिवशी मिस्त्रीने सीट दाबली. गाडी वर आली आणि गप्प उभी राहिली. मुलगा म्हणाला, "काका, बसा मागे, मालेगाव स्टँडपर्यंत सोडतो तुम्हाला." चौदा वर्षं जी गाडी मी चालवली तिच्या मागच्या सीटवर मी पहिल्यांदा बसलो. सीट मागे इतकी कडक आहे, हे मला माहीतच नव्हतं. समोर त्याची पाठ. रस्ता दिसेना. पंचवटी कारंजा गेला असावा, भजीच्या वासावरून कळलं. मी दोन्ही हातांनी मागचा दांडा घट्ट धरला, डोळे मिटले.

"काका," तो मान न वळवता म्हणाला, "पुढे गतिरोधक आहे हं."